दीड, दोन आणि अडीच

आबा, म्हणजे माझे वडील, जन्माचे संशयी. मानवतच्या बाजारात कापूस घातला की ते काट्याकडे बघायचेच नाहीत, हमालाच्या पायाकडे बघायचे. पाय पारड्याला लागतो का म्हणून. त्यात ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. गावात कोण कुणाच्या ओट्यावर बसतं, यावरही डोळे असायचे. अशात माझ्या काकांनी आपणहून सांगितलं, की विहिरीपासून तुमच्या शेतापर्यंत माझ्या रानातून सरळ पाइप न्या, अडीचशे फुटांत काम होईल. आबांना लगेच संशय आला.

विहीर वाटणीत काकांच्या रानात गेली होती. पाणी निम्मं आमचं. आबा धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, चालत गेले अन् मोजून आले. आडवं दीडशे, मग वळून उभं दोनशे, मिळून साडेतीनशे फूट भरलं.

"शंभर फूट गाळलं त्यानं," ते म्हणाले. "पाइप मधीच संपावा अन् गावानं हसावं, हाच डाव हाय."

मी दहावीत होते, रोज एसटीनं मानवतच्या शाळेत जायची. मला वाटलं, ही तर आपल्या आलेखाच्या कागदाची गोष्ट. रानाबाहेरचा एक कोपरा शून्य धरला, एक घर शंभर फुटांचं. विहीर आली अर्धा, दीड या बिंदूवर. आमच्या शेताचा दगड दोन, साडेतीनवर. आडवा फरक दीड, उभा दोन. दीडचा वर्ग सव्वादोन, दोनचा चार, बेरीज सव्वासहा. वर्गमूळ अडीच. अपूर्णांकांचं गणित इतकं सुटसुटीत सुटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नाचतच आबांकडे गेले.

"दीड अन् दोन साडेतीन होतेत. एक कुठं गेला?"

"आबा, पाइप धुऱ्यानं जायला न्हाई. तिरका जायलाय."

अंगणात दोरी ताणून दाखवली. ते म्हणाले, "अंगणातलं गणित रानात चालतंय व्हय?" मग दोरी खाली टाकून, "तुमचे गणिताचे मास्तर तुझ्या काकाचे साडू न्हाईत का?"

होते. तिथंच माझं बिनसलं.

"फितवलंय तुला. उद्यापासून शाळा बंद."

रानात जाऊन मोजलं की संपलं असतं. पण काकांची ज्वारी डोक्याएवढी उभी. दुसऱ्याच्या उभ्या पिकात, सख्ख्या भावाच्या का असेना, पाऊल टाकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून तर आमची माणसं सगळं धुऱ्यानंच चालायची अन् धुऱ्यानंच मोजायची. आता ज्वारी आधी निघते की बोर्डाची परीक्षा आधी येते, एवढाच प्रश्न उरला. मी रोज सकाळी धुऱ्यावर जाऊन कणसं दाबून बघायची. शेजारच्यांची काढणी उरकली, काकांची होईना. काका मुद्दाम लांबवतायत, असं मलाही वाटायला लागलं. अखेर मी आबांचीच लेक.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा काकांचं रान मोकळं झालं. आबांनी घरूनच अडीचशे फूट मोजलेलं चऱ्हाट आणलं. विहिरीजवळ ते थांबले, मी दुसरं टोक धरून धसकटांतून चालत गेले. टोक बरोबर आमच्या दगडाला टेकलं. मी ओरडले. आबांनी मला विहिरीकडे बोलावलं, त्यांच्याकडचं टोक मला दिलं अन् स्वतः दगडापाशी जाऊन चऱ्हाट पुन्हा ताणलं. परत तेवढंच.

"बरोबर हाय," परत आल्यावर ते म्हणाले. "जा परीक्षेला."

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण रागही तेवढाच आला. आबांना दोरी पटली होती, मी नव्हते पटले.

"आबा, मी तुमच्याशी खोटं बोलले असते का?"

ते चऱ्हाट कोपराभोवती गुंडाळत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोरी खोटं बोलत न्हाई, पोरी. टोक कुणाच्या हातात हाय, तेवढं बघावं लागतंय."

पहिल्या मोजणीत दगडाकडचं टोक माझ्याच हातात होतं.