हिरालाल टर्नर आणि संगणकातला संगणक

हिरालाल गजभिये यांनी भरवेलीच्या खाणीत सारी नोकरी लेथवर लोखंड कातत उभं राहून काढली आणि निवृत्त झाल्यावर विश्रांती म्हणून मध्य प्रदेशातल्या बालाघाटात स्वतःचं वर्कशॉप टाकलं. तिथेही ते लेथवरच उभे राहतात. विश्रांतीची त्यांची कल्पना एवढीच, की इथे भोंगा वाजत नाही.

त्यांच्या एका सवयीची आजूबाजूचे दुकानदार थट्टा करत. संध्याकाळी काम थांबलं की हिरालाल लेथची सगळी हँडलं शून्यावर आणत, टूल काढून पुसत, लोखंडाचा कीस झाडत. काम अर्धवट असलं तरी. उद्या मशीनवर कोण येईल सांगता येत नाही, त्याला ती कोरी मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. उद्या येणारा माणूस गेली कित्येक वर्षं तेच होते. अर्धा झालेला जॉब फळीवर ठेवला की त्यांच्या लेखी काम सुरक्षित. काम म्हणजे लोखंड. मशीनच्या पोटातही काम राहू शकतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांची मुलगी दीपिका नागपूरहून इंजिनिअर होऊन परत आली आणि तिच्या हट्टाने वर्कशॉपात संगणकावर चालणारी, लोखंडाला हवा तो आकार कापणारी एक जुनी मिलिंग मशीन आली. त्या मशीनचे प्रोग्राम नागपूरचा एक माणूस करून पाठवी. काही महिन्यांनी दीपिका म्हणाली, हे मी इथेच करते. तिच्या लॅपटॉपवरचं विंडोज गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधल्या व्हायरसांनी दोनदा बसलं होतं. म्हणून तिने ते काढून व्हायरस सहसा न लागणारं लिनक्स घातलं होतं. पण मशीनसाठी नक्शा काढणारं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालायला तयार नव्हतं.

"म्हणून याच्या आतमंदी एक विंडोजवाला कॉम्प्युटर बसवला, बाबा," तिने समजावलं.

"आतमंदी? कुठं आहे?"

"कुठंच नाही. नुसता बनवलेला आहे. पन त्याले वाटते का आपन खरा कॉम्प्युटर आहो."

हिरालालांनी क्षणभर विचार केला. असे साहेब त्यांनी नोकरीत पाहिले होते.

"अन् त्याच्यात व्हायरस आला तं?"

"तं हे बटन. दाबलं का आतला कॉम्प्युटर पहिल्या दिवशी होता तसाच्या तसा. कोरा."

संगणक या वस्तूबद्दल हिरालालांना त्या दिवशी प्रथमच आदर वाटला. त्यांनी दीपिकाकडून ते बटण नीट शिकून घेतलं. दीपिका रोजचं काम आतल्या संगणकातून काढून बाहेरच्या फोल्डरात ठेवी आणि मगच ते दाबी. यातला पहिला भाग हिरालालांच्या ध्यानात राहिला नाही.

लालबर्र्याच्या एका राइस मिलचे मालक भैयालाल एक तुटकं दातेरी चाक घेऊन आले. मिलमध्ये धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. हे चाक जमलं तर मिलचे बाकीचे सुटे भागही इथेच, नाही तर आपला नागपूरवाला आहेच, असं ते बोलून गेले. आणि मापं घेऊन झाल्यावर चाक परतही घेऊन गेले, कारण वेल्डिंग मारून त्याच्यावरच मिल चालवायची होती.

हिरालालांच्या दृष्टीने चाकाला आणखी एक दात होता. पुण्याच्या एका कारखान्याने दीपिकाला नोकरीला बोलावलं होतं. मिलचं काम मिळालं तर राहीन, नाही तर जाईन, असं ती आईजवळ, रुख्माबाईंजवळ, बोलली होती. रुख्माबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं. पोरीने जाऊ नये असं हिरालालांना फार वाटत होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

शनिवारी नक्शा पुरा झाला, प्रोग्रामही जवळजवळ झाला. तेवढ्यात परसवाड्याला मामेबहिणीचा साखरपुडा, म्हणून रुख्माबाई रिक्षा घेऊन दारात. दीपिका लॅपटॉप तसाच चालू सोडून निघून गेली. संध्याकाळी हिरालालांनी लेथ शून्यावर आणली, मिलिंग मशीन पुसली, आणि मग लॅपटॉपकडे वळले. बटण दाबताच पडद्यावर एक चौकट आली. खात्री आहे ना, असं तिने विचारलं. हिरालालांना खात्री होती.

सकाळी दीपिका बराच वेळ काही तरी शोधत बसली.

"बाबा, काल इथं कोनी आलतं का?"

"कोनी नाही. काहून?"

"चाकाचं सगळं गेलं. नक्शा, मापं, सगळं."

"मी कोनाले हात नाही लावू देला. मीच बंद केला, चांगला कोरा करून."

दीपिकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावला.

"बाबा, काम त्याच्याच पोटात होतं ना!"

"मंग पोटात काहून ठेवलं?"

साखरपुड्याच्या घाईत काम बाहेर काढायचं तीही विसरली होती. मापं घ्यायची तर चाक हवं, आणि चाक लालबर्र्यात.

"भैयालालजींले सांगा, कॉम्प्युटर बिघडला," ती म्हणाली. "सगळे मानतात."

हिरालालांनी फोन हातात घेतला. सगळे मानतात हे खरं होतं. भैयालालही मानतील, आणि लगेच नागपूरला फोन लावतील. हिरालालांचा फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे पुढचं बोलणं शेजारच्या पंक्चरवाल्यानेही ऐकलं.

"भैयालालजी, वो चक्का लेके फिर आना पड़ेगा."

"काहे? बिटिया से नहीं बना?"

"बिटिया ने तो बढ़िया बना दिया था. मैंने मिटा दिया."

"आपने? कैसे?"

"सफाई में."

पलीकडे मिलच्या घरघरीतही भैयालाल असे हसले की पंक्चरवाला हातातली ट्यूब ठेवून उठून आला.

"मैं तो नागपुर लगाने ही वाला था, भाऊ! अब खुद लेके आता हूँ. पर आप मशीन से दूर बैठना."

दीपिका लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. आपलं काम बढ़िया आहे हे बापाच्या तोंडून तिने प्रथमच ऐकलं, तेही हिंदीत.

भैयालाल चाक घेऊन आले. हिरालाल दूर बसले नाहीत. व्हर्निअरने माप घेऊन ते मोठ्याने सांगत गेले आणि दीपिका नक्शा काढत गेली. नक्शा पुरा होताच तिने तो आधी बाहेरच्या फोल्डरात ठेवला. नवं चाक मिलमध्ये बसलं, धान वर चढू लागलं, आणि पुढच्या आठवड्यात भैयालालांचा माणूस एका पोत्यात आणखी तुटके भाग टाकून गेला. सफाईची गोष्ट तोवर लालबर्र्याच्या प्रत्येक मिलमध्ये पोचली होती.

दीपिकाने पुण्याला नकार कळवला. रुख्माबाईंनी कारण विचारलं.

"बाबांले कॉम्प्युटरजवळ एकटं सोडता येत नाही, आई."

रुख्माबाईंना कारण पटलं. नवरा घरातले भरलेले डबेही कोरे करून ठेवील, या धास्तीने त्यासुद्धा लग्नानंतर माहेरी कधी फार दिवस राहिल्या नव्हत्या.