घड्याळवाल्याची लवंग

आमच्या मराठी मंडळाच्या रविवारच्या वाचनाबद्दल मल्लेश्वरमात अजून एक गोष्ट सांगितली जाते. ग्रंथालय सांभाळणाऱ्या अक्कांनी एक पुस्तक लपवलं आणि म्हणून त्यांच्याकडून कपाटाची किल्ली काढून घेतली गेली, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. पुस्तक मी लपवलं होतं. शेवटच्या बैठकीला जे हजर नव्हते त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, म्हणजे अक्कांच्या नावावरचा डाग तरी पुसला जाईल.

मंडळातली बहुतेक घरं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. घरात मराठी, पण शिक्षण सगळं कन्नडमध्ये. शाळेतल्या हिंदीमुळे अक्षरं ओळखू येतात, मात्र जाड कादंबरी हातात घेतली की दोन-चार पानांतच दम लागतो. खुद्द अक्का पुस्तकं ओळखायच्या त्या पाठीवर चिकटवलेल्या कन्नड चिठ्ठ्यांवरून. मी निपाणीकडचा, मराठी शाळेत शिकलेला. त्यामुळे वाचायचं मी आणि ऐकायचं बाकीच्यांनी, असं ठरून गेलं. नोकरी मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये केली, तरी इथं सगळे मला मास्तरच म्हणायचे.

प्रकरण संपलं की कॉफी यायची आणि एक खेळ सुरू व्हायचा. गोष्टीतला अमका माणूस आपल्यातला कोण? कंजूष सासरा म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला, भांडकुदळ मावशी म्हणजे अमकीची नणंद. हसून हसून पुरेवाट व्हायची. कोणी मनावर घेत नसे.

मग ती कादंबरी आली. जुनी, परदेशातली, मराठीत आणलेली. एका गावात एकच घड्याळ असतं. त्याला किल्ली देणारा साधा नोकर आधी आपल्या सोयीसाठी काटा थोडा पुढे सरकवतो. कोणी तक्रार करत नाही. मग बाजार कधी उघडायचा, सभा कधी संपवायची, हे त्याच्याच हातात येतं. शेवटी भर दुपारी तो रात्र झाली म्हणतो आणि लोक मुकाट्यानं दिवे लावतात. गोष्ट राज्यकारभारावर आहे, हे कोणालाही कळावं.

आमच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. दरवर्षी हात वर करून त्यांची निवड व्हायची आणि वर झालेले हात तेच मोजायचे. सभागृह कोणाला द्यायचं, गणपतीत कोणी गायचं, शब्द त्यांचाच. हात मोजताना ते लबाडी करतात, असा मला संशय येई. पुरावा माझ्याकडे नव्हता, आजही नाही. त्या खुर्चीवर माझाही डोळा होता, हेही लिहून ठेवतो.

अण्णांना एक सवय होती. निर्णय सांगण्याआधी ते डबीतून लवंग काढून दाढेखाली धरायचे. एका रविवारी मी वाचता वाचता म्हणालो, "घड्याळवाल्यानं लवंग काढली, दाढेखाली धरली आणि म्हणाला, किती वाजले ते आता मी सांगतो." पुस्तकात लवंग नव्हती.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. अण्णांकडे मात्र एकानंही पाहिलं नाही. त्यावरून मी समजलो की सगळ्यांनी ओळखलं. पुढच्या रविवारी घड्याळवाल्याला मी अण्णांसारखं खाकरायला लावलं. त्याच्या पुढच्या रविवारी त्याला हात मोजायला बसवलं. त्या खोलीत किती वाजले ते मीच सांगत होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

खेळ बंद पडला. कॉफी अर्धी टाकून लोक उठू लागले. कोण हसतं, यावर अण्णांची नजर, आणि अण्णांच्या नजरेवर आमची. जो फिसकन हसला होता त्याची मुलगी त्या गणपतीत गायली नाही. मी म्हटलं, बघा. तिचा घसा बसला होता असं तिची आई सांगत होती, पण आमच्यात कोणाचा त्यावर विश्वास बसला नाही.

एकदा वाचन संपल्यावर अण्णांनी विचारलं, "अक्का, हे पुस्तक कोणी निवडलं?"

"मास्तरांनी मागितलं, मी काढून दिलं."

"आत काय आहे ते बघितलंत?"

"मला कुठं एवढं वाचता येतंय? चिठ्ठी बघून देते मी."

"सरी, ठीक आहे. मास्तर, पुढच्या रविवारी पुस्तक मला द्या. सुनेला दाखवतो. पुण्याची आहे, फाडफाड वाचते."

घरी येऊन मी पुस्तक माळ्यावर, गीझरच्या रिकाम्या खोक्यात टाकलं. रविवारी अण्णांनी हात पुढे केला तेव्हा म्हणालो, "ते मी अक्कांना परत केलं."

"मला?" अक्का म्हणाल्या. "कधी?"

"परवा नाही का, मंडळाच्या दारात. तुम्ही घाईत होता."

अक्का विचारात पडल्या. "असेल. ठेवलं असेन कुठंतरी," असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. अण्णांना ते सोंग वाटलं. त्यांनी लवंग काढली. "किल्ली इथं राहू दे, अक्का." अक्कांनी पदराच्या गाठीतली किल्ली सोडून टेबलावर ठेवली. वाचनही तिथंच थांबलं.

दोनेक वर्षांनी ते पुन्हा सुरू झालं, ते अण्णांच्या सुनेमुळे. इलेक्ट्रॉनिक सिटीतली नोकरी सांभाळून ती वाचायला येते. मी जात नव्हतो. मध्यंतरी ती मेट्रोत भेटली.

"काका, अक्काआजींनी मेमरीची टेस्ट करून घेतली, माहितीये? एकदम नॉर्मल आली. तर म्हणतात, मग ते पुस्तक गेलं कुठं?"

पुढच्या रविवारी मी पुस्तक घेऊन गेलो. लवंग घातली होती ते पान उघडून तिच्यासमोर धरलं आणि वाच म्हणालो. ती सरळ, भराभर वाचत गेली. घड्याळवाला जिना चढला, त्यानं किल्ली दिली, वेळ सांगितली, खाली उतरला.

"लवंग राहिली," अण्णा म्हणाले.

"लवंग नाहीये, बाबा."

"पुढं बघ."

तिनं पानं उलटली. "नाही. हात मोजणंही नाही."

"ते सगळं माझं," मी म्हणालो. "पुस्तकही माझ्याकडेच होतं. अक्कांना मी दिलंच नव्हतं."

अण्णा माझ्याकडे वळले. "इतके दिवस मी एकेकाचं तोंड न्याहाळत होतो, मास्तर. ते यासाठी?" मग खिशातून किल्ली काढून त्यांनी अक्कांपुढे सरकवली.

अक्कांनी किल्ली उचलली नाही. मला म्हणाल्या, "आई गेल्यावर मुलगा तिची थंड चूल सारवतो, असं एका पुस्तकातलं तुम्ही वाचलं होतं. मी रडले होते. ते पुस्तकातलं, का तुमचं?"

"पुस्तकातलं," मी म्हणालो. मला तसंच आठवतं.

त्यांनी क्षणभर माझा चेहरा पाहिला. मग किल्ली घेतली, कपाट उघडलं, चुलीचं ते पुस्तक चिठ्ठीवरून शोधून सुनेच्या हातात दिलं.

"बघ गं, आहे का."