अक्षतेचा दाणा
परवा मुलीच्या लग्नात कुणीतरी माझ्या हातात अक्षता दिल्या आणि त्या कुंकवाच्या वासाबरोबर बंदुकीच्या तेलाचा वास आठवला. आम्ही अमेरिकेत, फ्रिस्कोत घर घेतलं त्या वर्षी शेजारी भरदिवसा घरफोडी झाली, म्हणून मी छोटं रिव्हॉल्व्हर घेतलं. चाप जड लागायचा, तो दुकानातल्या कारागिराकडून हलका करून घेतला आणि घरातही ते कमरेला लावून वावरू लागलो. खंडेनवमीला मी ते तेल द्यायला उघडून ठेवलं होतं. बायकोनं लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्यांशेजारी तेही पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. "शस्त्र आहे ना, मग पूजा नको?" म्हणाली. मी वरवर पुसून गोळ्या भरल्या. दसऱ्याच्या दुपारी घरात एकटाच होतो. गराजमध्ये पावलं वाजली. मी दोनदा "कोण आहे?" विचारलं, उत्तर नाही. दार आत ढकललं गेलं. दारात कॉलेजमधून न कळवता आलेली मुलगी, हातात पेढ्यांचा बॉक्स. "बाबा, इट्स मी." ती अजून हसत सांगते, सरप्राइज द्यायला गेले तर बाबांनी माझ्यावर गन रोखली. मी नुसती रोखली नव्हती, दार हलताच चाप ओढला होता. तो हलला नाही. नंतर बाथरूमची कडी लावून उघडून पाहिलं, तर गोळ्यांच्या चक्रामागे तांदळाचा एक लाल दाणा रुतून बसला होता; चक्र फिरत नव्हतं, म्हणून चापही अडला होता. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. परवा सगळ्यांनी तिच्यावर अक्षता टाकल्या, माझी मूठ मात्र उघडलीच नाही.