हिरव्या दोरीची पिशवी

"ह्यात मोडनारं काय हाय?"

गिऱ्हाइकाने पिशवी फळीवर ठेवली की मामांचा पहिला प्रश्न हाच असे. त्याआधी ते उजव्या हाताची दोन बोटं बंदात घालून पिशवी वीतभर उचलत आणि वजन सांगत. बहुतेक लोक म्हणत, मोडणारं काही नाही. मग मामा म्हणत, "मग येवढं आवळून कशापायी बांधायचं? उघडंच न्या की."

भोरच्या एसटी स्टँडासमोर बस चुकल्यामुळे तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर त्यांना पाहिलं असेल. डोक्यावर ताडपत्री, बुडाखाली पोतं, समोर शिलाई मशीन आणि उजव्या हाताला लाकडी खांब. खांबाला एक मोठा खिळा. टेम्पोच्या ताडपत्र्या, राजगड उतरून आलेल्या पोरांच्या उसवलेल्या सॅक, भाताच्या दिवसांत गिरणीवरची पोती, असं त्यांचं काम. तरुणपणी ते एसटीच्या टपावर सामान बांधत. आपण बांधलेलं एकही बोचकं घाटात पडलं नाही, असं ते सांगत. मी ते तपासून पाहिलेलं नाही.

माझं टेबल शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात होतं. मी तालुक्याचा बातमीदार. दर उन्हाळ्यात धरणाच्या पाण्यात कोणी ना कोणी बुडतं आणि त्याच्या सहा ओळी मी पाठवतो. मामा पेपर उघडून ती बातमी बोटाने दाखवत. "पत्रकार, तुमच्या पान्यात गेलेला मानूस वर येतच न्हाई."

त्यांना पोहता येत नव्हतं. नीरेच्या पुलावरूनही ते मधून चालत. मागून गाड्यांनी हॉर्न वाजवले तरी कठड्याकडे सरकत नसत.

अशा माणसाची भाची पाण्याखाली उतरू लागली. पालीजवळच्या वस्तीवरची ही मुलगी शिक्षणासाठी मामांकडेच वाढली होती. कॉलेजात असताना ती बुडालेल्यांना शोधणाऱ्या पथकात गेली, तिथून पाठीवर हवेची टाकी लावून खोल जायला शिकली. मामा तिला अडवत नसत. ती परत येईपर्यंत फक्त हातात काम घेत नसत.

मग अंदमानात, पाण्याखाली उतरायला शिकवणारे तयार करणाऱ्या वर्गात तिची निवड झाली. वर्ग ठरल्या दिवशी सुरू होणार होता, उशीर केला तर जागा दुसऱ्याला. टाकी आणि शिशाची वजनं तिथे मिळणार होती. बाकीचं सामान, तिच्या अंगाचं, तोंडाचं, पायाचं, तिला विमानातून न्यायचं होतं.

तिने मैत्रिणीकडून चाकांची टणक बॅग आणली. मामांनी रिकामी असतानाच दोन बोटांनी उचलली.

"पाच किलो. विमानात किती चालतंय?"

"पंधरा, मामा."

"मंजी दहाच तुझं. पाच किलो ही बया सोताच बसून जानार."

मग तिने पुण्याच्या दुकानातली खास पाणबुड्यांची पिशवी मोबाईलवर दाखवली. हलकी होती. पण बाजूला हाताएवढ्या अक्षरांत आत काय आहे ते लिहिलेलं. मामांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "वाचा, पत्रकार." मी वाचलं. "मंजी चोराला चिठ्ठीच धाडली," ते म्हणाले.

शेवटी त्यांनी स्वतःच पिशवी शिवली. पायात घालायचे लांब पंख त्यांनी फळीवर ठेवून वितीने मोजले, कारण सामानात सर्वांत लांब तेच होते. पिशवी त्या मापाची. टेम्पोच्या मातकट ताडपत्रीची, बुडाला दुहेरी कापड. चाकं नाहीत. "चाकं पयली मोडत्यात." पंख दोन्ही बाजूंना उभे लावले की पिशवीला फासळ्या येत. मध्ये फुगवायचं जाकीट, रबरी पोशाख, आणि त्याच्या घडीत चाकू.

सगळ्यात शेवटी भाचीने एक नळी बाहेर काढली. एका टोकाला जड पितळी भाग, दुसऱ्या टोकाला तोंडात धरायचं रबर.

"हे काय?"

"ह्यातून श्वास घेते मी."

मामांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मशीनच्या तेलाचे हात होते. त्यांनी ते धोतराला पुसले, मग उठून नळावर साबणाने धुतले, आणि मग नळी घेतली. त्या दिवशी मोडणारं काय आहे हे त्यांनी विचारलं नाही.

"हे माझ्याजवळच राहणार, मामा. हातातल्या पिशवीत. मास्क आणि बॅटरीपण."

बॅटरी म्हणजे पाण्याखाली धरायचा दिवा, वरवंट्यासारखा जड.

निघायच्या दिवशी सकाळी मामांनी दोन्ही पिशव्या भरल्या. मग पेनाचं टोक चेनच्या दातांत घालून त्यांनी मोठी पिशवी कुलूप न काढता उघडून दाखवली आणि तशीच मिटवली. "बघा. कुलूप शाबूत, माल गायब." यावर त्यांच्याकडे एकच उपाय होता. त्यांनी कुलूप काढून ठेवलं, दाभण घेतलं, हिरवी नायलॉन दोरी ओवली आणि भाताचं पोतं शिवावं तशी चेन झाकून पिशवी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून टाकली. आम्ही दोघं बघत होतो. अडवलं कुणीच नाही. टाके फार चांगले होते.

लोहगावच्या विमानतळावर मीही गेलो, कारण मला पुण्यात काम होतं. भाची आत गेली. आम्ही काचेबाहेर उभे राहिलो. थोड्या वेळाने मामांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"मामा, बॅटरी कुठं ठेवली?"

"मोठ्या पिशवीत. हातातल्या पिशवीत ती नळीला लागत हुती."

"अहो, सेल असलेली वस्तू हातातच न्यायची असते. तपासणीच्या मशीनमध्ये दिसली त्यांना. पिशवी उघडा म्हणतायत. चाकू आत आहे, इथं कात्री नाही. वीस मिनिटांत काउंटर बंद होईल."

मामांचा हात खिशाकडे गेला. खिशात दाभण होतं. "पत्रकार, मला आत सोडत्याल?"

"तिकीट लागतं."

"मग काढा की येक!"

मी घड्याळ दाखवलं. त्यांनी डोळे मिटले आणि फोन तोंडाजवळ नेला.

"बाळे, घाबरू नगं. डाव्या अंगाला बघ. दोरीचं टोक दुमडलंय. तितली गाठ सोड. सुटली?"

"सुटत नाही... हां, सुटली."

"आता लांब टोक धर आन वढ. झटका न्हाई. येकसारखं."

फोनमधून सर्र असा लांब आवाज आला. मागे कोणीतरी हसलं. एका बाईंचा आवाज आला, "अय्या! कोणी शिवलंय हे?"

"मामांनी," भाची म्हणाली.

तो बियाण्याच्या पोत्याचा टाका होता. बियाणं महिनोन्‌महिने बंद राहायला हवं आणि पेरणीच्या दिवशी पोतं न फाडता एका ओढीत उघडायला हवं, म्हणून जुने लोक तो घालत. हे मला मामांनी नंतर सांगितलं. तेव्हा ते फुटपाथच्या कडेवर बसले होते. बॅटरी निघाली होती, पिशवी वेळेत गेली होती. पण शिवायला आत कोणी नव्हतं. भाचीने त्याच दोरीने चेन सरकवायच्या दोन्ही मुठी एकत्र बांधल्या होत्या, एवढंच.

"उघडीच गेली म्हना की," परतीच्या वाटेवर नसरापूर येईपर्यंत ते तीनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मी शेजारीच होतो.

"मामा, काही मोडलं नाही."

"नळी?"

"नळी हातात होती."

"श्वास घिऊन बघितला?"

"घेतला."

"परत घे."

पलीकडून नळीचा घुर्र आवाज आला. मामांनी फोन कानाला लावूनच ठेवला. मग त्यांनी मशीनला दोरा लावला आणि कामाला बसले.

त्यानंतर त्यांनी ती पिशवी कधी शिवली नाही. "धन्यालाच उघडता येत न्हाई, त्ये पोतं काय कामाचं?" भाची शिकवणारी झाली. वर्षातून दोनदा येई. निघताना मामा चेनच्या मुठी हिरव्या दोरीने बांधत, गाठ अशी की सोडली तर सुटे, पण दुसऱ्याने सोडून पुन्हा बांधली तर दोरीच्या वळांवरून मामांना कळे. बॅटरी कुठे आहे ते स्वतः विचारत. अट एकच होती: दोरी कापायची नाही, परत आणायची. आणलेली दोरी ते बोटांनी चाचपत आणि खांबाच्या खिळ्याला गुंडाळत. पहिली दोरी टाक्यांमुळे अजून वेडीवाकडी होती. ती सगळ्यांच्या आत होती.

मामा गेल्या हिवाळ्यात गेले, घरी, सकाळचा चहा घेता घेता. भाची दुसऱ्या दिवशी पोहोचली. निधनाच्या बातमीत व्यवसाय लिहावा लागतो. मी "ताडपत्री शिवणारे" असं लिहिलं. बातमी चार ओळींची झाली.

तेरावं झाल्यावर ती परत निघाली. स्टँडवर जाण्याआधी ती मामांच्या खांबाशी थांबली. खिशातून दोरी काढली, मागच्या खेपेला मामांनी बांधलेली, आणि खिळ्याला गुंडाळू लागली. मध्येच थांबली. मग तिने सगळी गुंडाळी उलगडली, आतली वेडीवाकडी पहिली दोरी काढून घेतली, बाकीच्या पुन्हा नीट गुंडाळल्या. चेनच्या मुठी तिने त्या पहिल्या दोरीने बांधल्या. मी दोन बोटं बंदात घालून पिशवी उचलून पाहिली. मला वजन सांगता आलं नाही.

स्वारगेटची गाडी लागली. कंडक्टरने पिशवीकडे पाहिलं. "डिक्कीत टाकू का, ताई? मोडणारं काय नाही ना?"

"हाय," ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसली.