कोणाचाच नसलेला वाटा

तलावाच्या काठी मनसाराम मासळीचे वाटे लावायला बसला, की गाव हातातलं काम टाकून बघायला यायचं. काय तो थाट! धोतराचा काचा मारलेला, पुढे पळसाची पानं ओळीने मांडलेली, आणि पानावर तो मासा असा ठेवायचा, जसा नटाच्या डोक्यावर मुकुट ठेवावा. मोठी मरळ एका पानावर गेली, की शेजारच्या पानावर झिंग्यांची मूठ वाढायची. तरुणपणी मंडईच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांत तो भालदार व्हायचा. रात्रभर भाला धरून उभा, तोंडी एक शब्द नाही. आपण उभं राहायचं, बोलणारे बोलतात, असं तो हसत सांगायचा आणि तसाच जगायचाही.

गाव सावली तालुक्याच्या पलीकडे, वैनगंगेच्या अंगाला. ढिवरांची, म्हणजे मासेमारांची घरं. उन्हाळ्यात तलाव आटला की सगळे मिळून जाळी टाकत, आणि घराला एक वाटा. भांडण नको म्हणून रीत अशी की एका लेकराने वाट्यांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका वाट्यावर हात ठेवून विचारायचं, "हा कोनाचा?" पाठमोरं लेकरू ज्या घराचं नाव घेईल, वाटा त्या घराचा.

हे काम मनसारामच्या जुळ्या नातवंडांकडे आलं होतं. मिथुन हात ठेवायचा, पायल नाव घ्यायची. आईबाप तेलंगणात मिरची तोडायला गेलेले, त्यामुळे दोघं आजा-आजीच्या अंगाखांद्यावरच वाढत होती.

गेल्या उन्हाळ्यात मिथुनने एका वाट्यावर हात ठेवला आणि पानावर तडफडणारी मासळी एका क्षणात थंड पडली. शेजारच्या पानांवर शेपट्या आपटत होत्या. या एका पानावर काही हलेना. पायलची पाठ होती, तिला हे दिसलंच नाही. तरी ती म्हणाली, "हा कोनाचाच नाई."

लोक हसले. बाकीची नावं झाली, तेव्हा एकट्या सुकलूचं घर राहिलं. तो वाटा त्याने हसतच उचलला. दुपारी जाळं धुवायला गेला आणि गुडघाभर पाण्यात मेला. नदी पोहून पार करणारा गडी.

पुढच्या खेपेला पुन्हा एक पान थंड पडलं आणि पायलचे तेच शब्द आले. या वेळी उरलं बुधरीचं घर. ती तिन्हीसांजेला उंबऱ्यात मासे चिरायला बसली. शेजारची चंदाबाई मीठ मागायला गेली तर बुधरीच्या हातात विळा तसाच होता आणि मान छातीवर.

मग गावाचं बोलणंच बदललं. मासेमारांच्या सोसायटीचा वारलू तोंडाचा फटकळ. तो चारचौघांत म्हणाला, "मनसारामभाऊ, तुमचे पोट्टे वाटे सांगून राह्यले का नंबर लावून राह्यले?" कोणी हसलं नाही. दुसऱ्या घरचं लेकरू या कामाला द्यायला कोणी तयार होईना, आणि जाळी तर पाण्यात होती. शेवटी ठरलं की या खेपेलाही या दोघांनीच उभं राहावं. पुन्हा तसं झालं, तर संध्याकाळच्या आत लेकरं गावाबाहेर. कुठे, ते कोणी बोललं नाही.

मनसारामने घरी कोणाला काही सांगितलं नाही. पण वाट्याच्या दिवशी त्याने एक पान कमी मांडलं. आपलं. त्याचा हिशेब सरळ होता. सगळे वाटे नावानिशी जातील, कोणाचा नसलेला वाटा उरणारच नाही. राहिलंच तर आपलं एक घर राहील, आणि जायचंच असेल तर म्हातारा जाईल. लेकरं तर गावात राहतील.

गावातल्या पोरांनी मोबाईल उंच धरले होते. पायल पाठ करून उभी राहिली. मिथुनने पहिल्या पानावर हात ठेवला. "हा कोनाचा?"

मासळी थंड.

"कोनाचाच नाई."

दुसऱ्या पानावर हात गेला, तेच. तिसऱ्यावर तेच. ओळभर उसळणारी मासळी मिथुनच्या हातामागून विझत चालली, जसे प्रयोग संपल्यावर कोणी रंगमंचावरचे दिवे एकेक करून मालवत जावेत. मोबाईल खाली आले. वारलूने बायकोचा दंड धरला. शेवटचं पान झालं आणि पायल वळली. ओळीवरून नजर फिरवून तिने विचारलं, "आबाजी, तुमचा वाटा कुठी आहे?"

मनसारामने ओळीच्या टोकाच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला.

"तुमचाच नाई ना," ती अगदी साधेपणाने म्हणाली, "मंग कोनाचाच नाई."

म्हाताऱ्याला तेव्हा उमगलं. आजवर कोणाला झिंगाही कमी न देणाऱ्या हाताने आज खोटी मांडणी केली होती, आणि त्या खोटेपणात अख्खं गाव ओढलं गेलं होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि या वेळी बोलणारा दुसरा कोणी नव्हता.

तो उठला. पहिलं पान उचलून दुसऱ्यावर ओतलं, दुसरं तिसऱ्यावर, आणि सगळ्या मासळीचा एकच ढीग केला. आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला. "आज वाटे नाईत. हांडा आना. सारे एकाच हांड्यातलं खातील, आन मीही खाईन."

मग त्याने मिथुनचा हात धरून ढिगावर ठेवला. तलावाचं पाणीही थांबल्यासारखं वाटलं. ढिगाच्या तळातून एका मरळीने शेपटी हाणली आणि चिखल थेट वारलूच्या तोंडावर उडाला. वारलूने तोंड पुसलं नाही. तो धावत घरी गेला आणि लग्नातला मोठा हांडा डोक्यावर घेऊन आला.

त्या दिवसापासून त्या काठावर वाटे लागत नाहीत. गावात माणसं मरतात, पण आपापल्या म्हातारपणाने. लेकरांना कोणी बाहेर काढलं नाही. पायल सगळ्यांच्या अंगणात खेळते, मिथुन आजाच्या बोटाला धरून असतो.

त्या पंगतीत मात्र मनसाराम एकाच हाताने जेवला. दुसऱ्या हाताच्या मुठीत त्याने मिथुनचा इवलासा हात घट्ट धरून ठेवला होता, कोणाच्या पानाला लागू नये म्हणून. भर उन्हात तो हात बर्फासारखा गार होता, आणि शेवटचा घास होईपर्यंत ऊब आली नाही.