मरळीपर्यंत पोचलेलं ऊन

वच्छलाआत्याच्या घरी, किरनापूरजवळच्या खेड्यात, पाहुण्याला पाण्याचा पेला मिळायच्या आधी बोडी पाहावी लागे. धानाला पाणी द्यायचं हे लहानसं तळं घरामागेच होतं. भर दुपारी आत्या काठावर उभी राही, डोळे अर्धवट मिटून. पाण्यावर शेवाळाची हिरवी साय, तिच्यावर ऊन पसरलेलं, वर चतुर तरंगणारे.

"हळू बोल," ती म्हणे, "बोडी जेवून राह्यली."

तिच्या लेखी साऱ्या गावाचं अन्न एकच, ऊन. बैल दिसला की म्हणायची, "पाह्य, ऊन चालून राह्यलं." मी बालाघाटला राहणारा, आकड्यांचा माणूस. मला हसू यायचं. पण तिथं उभं राहिलं की अंग जड होई, वेळ कुठे गेला ते कळत नसे.

एकदा तिच्या मुलाने, विलासने, बोडीत नुसत्या मरळी सोडायचं ठरवलं. या माशाला भाव चांगला. "दादा, तूच सांग मायले हिशेब करून," तो म्हणाला. मी सांगितला. आत्याने नीट ऐकून घेतला आणि आम्हा दोघांना, विलासच्या बायकोला आणि मुलीला काठावर रांगेत उभं केलं. विलासच्या ओंजळीत तिने काठोकाठ पाणी ओतलं.

"हे पाणी म्हंजे ऊन. तू शेवाळ. दे पुढं. सूनबाई, तू पाण्यातला किडा. भाऊ, तू बारकी मासोळी."

"हे बारकी?" माझ्या पोटाकडे पाहत विलास म्हणाला.

"आन् माही नात मरळ."

पाणी ओंजळीतून ओंजळीत गेलं, बोटांतून गळत. नातीपर्यंत पोचला तो नुसता ओलावा.

"जो तो जगता जगताच खर्च करते. पुढच्याले जरासं उरते. आता सांगा, नुसत्या मरळी काय खाऊन जगतीन?"

माझ्या हिशेबात मरळीचा भाव होता, तिचं जेवण नव्हतं. विलासने मोजक्याच मरळी सोडल्या.

गेल्या हिवाळ्यात आत्याने खाट धरली. आमच्याकडे अशक्त माणसाला मरळीचा रस्सा देतात. विलासने बोडीतली सर्वांत मोठी मरळ धरली आणि बादलीत घालून खाटेपाशी आणली. आत्याने मान वळवून बादलीत पाहिलं.

"कापू नको इले."

"काहून माय? तुले ताकद पायजे."

"किती जीवायचं ऊन गोळा झालं, तवा ही एक झाली. माह्या चार दिवसासाठी इतकं काहून खर्च करतं? पेज दे मले. धानात ऊन सरळ उतरते."

"माय, हट्ट करू नको न."

"हौ, हाय माहा हट्ट. जा, सोडून ये."

विलास रडत रडत बादली घेऊन गेला. मी पेजेची वाटी आत्याच्या ओठांना लावली. मागे पाण्यात काही जड सुटल्याचा आवाज झाला. तो विरेपर्यंत ती थांबली, मग थोडी पेज प्यायली आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

"बाकीची तू पी. तुले बालाघाटले जायचं हाय."

ते तिचं शेवटचं जेवण. उरलेली पेज मी उभ्यानेच प्यालो. कोमट होती.