सखाराम फिटरचा ठिपका

तीस वर्षं बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर असताना सखारामच्या पेटीतून दोन पान्हे चोरीला गेले. तेवढ्यावरून त्याने माणसांबद्दल काय ठरवायचं ते कायमचं ठरवून टाकलं. घरी गॅसचं सिलिंडर आलं की आणणाऱ्याला उभं करून तो ते काट्यावर चढवी. बायको, मथुरा, शरमेने आत निघून जाई.

मांडवीच्या घराच्या पडवीत त्याची मोटरसायकल असे, एक्कावन्न साली इंग्लंडात बनलेली, बी.एस.ए. कंपनीची. नव्याण्णवच्या दिवाळीत तिची किक पोकळ फिरायला लागली. उघडून बघतो तर आतल्या पाव चक्राएवढ्या गिअरचे पहिले दोन दात झिजून बोथट झालेले. मुंबईच्या जुन्या सामानाच्या बाजारात तो मिळेना. विलायतेतल्या एका दुकानाला पत्र टाकलं, तर दीड महिन्याने उत्तर आलं की माल संपला. धक्का मारून गाडी सुरू करण्याचं सखारामचं वय राहिलं नव्हतं. हातखंब्याचा बाबल्या असल्या गाड्या भंगाराच्या भावात उचलून शौकिनांना विकायचा. त्याचे तीन निरोप येऊन गेले होते. किक झाली नाही तर गाडी त्याच्याच टेम्पोत जाणार, हे दिसत होतं.

राहिला जमाल मिस्त्री. मच्छीमारांच्या लाँचींचं सामान लेथवर बनवणारा. तो म्हणाला, नमुना ठेवून जा, बघून नवा बनवतो. ठेवून जा म्हटल्यावर सखारामने पुढे केलेला हात मागे घेतला. गिअर तो घरी घेऊन गेला, पहिल्या दाताच्या बगलेवर पंचने बारीक ठिपका मारला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. खूण केल्याचं मथुरेलाही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी त्याला जमालच्या दुकानासमोर बाबल्याचा टेम्पो दिसला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी तो तडक दुकानात शिरला आणि नमुना मागितला.

जमालने पुढे केलेल्या गिअरचे दात भरलेले, टोकदार. ठिपका नव्हता.

"हा माझा नव्हे," सखाराम म्हणाला.

"मग कोणाचा?"

"ते बाबल्याला विचार. माझ्या गिअरवर खूण होती."

जमाल कपाळाला हात लावून हसला. "जेवायच्या ताटावरही खूण मारता काय हो?"

मग त्याने समजावलं. झिजलेल्यावरून नवा बनवला तर नवाही झिजलेलाच निघेल. म्हणून आधी वेल्डिंगने दात भरून, पंधरा दिवस कानशीने घासून त्याने नमुना मूळ आकारात आणला होता. खूण त्या वेल्डिंगखाली गेली. तीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. कळलंही असेल त्याला, पण एकदा तोंडातून निघून गेलं होतं, आणि बाबल्याचा टेम्पो डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

जमालने कानस त्याच्या हातात दिली. "घासा. पण गेलेलं माप मी परत आणणार नाही."

सखारामने घासलं. चांगला अर्धा तास. कीस खाली पडत राहिला आणि भरलेल्या धातूच्या आत ठिपका दिसला.

सखारामने कानस खाली ठेवली. मग जमाल म्हणाला, "बाबल्या आला होता. हाच मागत होता. मी नाही म्हटलं."

वेल्डिंग जमालने परत केलं. कानस मात्र सखारामला मारावी लागली, त्याच दुकानात, लाँचवाल्यांच्या देखत, अकरा दिवस. दोनदा त्याचं माप चुकलं आणि जमालने दात पुन्हा भरून पुन्हा घासायला लावला. मग त्यावरून नवा गिअर कापला.

बसवल्यावर तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. ती तशीच धडधडत ठेवून सखाराम जमालच्या दारात आला आणि गाडीवरूनच बोलत राहिला. माफीचं काही निघेना. इंजिनही बंद करीना.

"बंद करून परत मारा की किक," जमाल म्हणाला.

"असू दे. चाललीय ना."

जमाल पुढे झाला, त्याने हँडलजवळची कळ दाबली. इंजिन थांबलं. सखारामने त्याच्याकडे बघितलं, मग गिअरच्या झाकणाकडे. हळूच किकवर पाय ठेवून त्याने आधी नुसताच दाब देऊन बघितला. दात धरत होते.

मग त्याने किक मारली.